शेवटच्या थांब्यावरचा माणूस

पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लघुरेल्वेची मांडणी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि तिच्याभोवतीचे गाव, डोंगर, स्थानक, रस्ते, माणसे असे सारे जग एका मोठ्या टेबलावर उभे केलेले असते. अमेरिकेत हा छंद विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात संघटित झाला. त्याला वाहिलेले 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ मध्ये मिलवॉकी येथून निघू लागले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

अमेरिकन मांडणीत एक पात्र वारंवार भेटते. मुख्य मार्गावर लांबलचक मालगाड्या धावत असतात आणि चालवणाऱ्याचे सारे लक्ष त्यांच्याकडे असते. त्याच वेळी कोपऱ्यातल्या गावात, दुकानांच्या रांगेसमोरून, एकाच डब्याची एक छोटी ट्रॉली ये-जा करीत असते. रुळांच्या एका टोकाला ती जाते, दिशा पालटते, दुसऱ्या टोकाला जाते, पुन्हा दिशा पालटते. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि तिला कोणी हातही लावीत नाही. आधीच पूर्ण झालेल्या मांडणीत असा आपोआप दिशा पालटणारा मार्ग नव्याने बसवणे हा छांदिष्टांच्या आवडीचा उद्योग आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण या ट्रॉलीच्या परतण्यात एका शहरी व्यवसायाच्या अस्ताचा इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो इतिहास आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'ट्रॉली' म्हटले की आपल्याला रुळांची पाहणी करणाऱ्या अभियंत्याची, ट्रॉलीमनांनी ढकललेली गाडी आठवते, नाहीतर ट्रॅक्टरमागची. अमेरिकेत मात्र ट्रॉली म्हणजे आपली विजेची ट्राम. रस्त्यावरून तारा नेऊन त्यांतून गाडीला वीज पुरवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच जणांनी केले. फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड शहरात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली. डब्याच्या छतावरचा दांडा स्प्रिंगच्या जोराने वर उचललेला असे आणि त्याच्या टोकावरचे छोटे चाक तारेला खालून टेकून धावत असे. तारेवर धावणाऱ्या वीजवाहक साधनाला 'ट्रॉली' म्हणत. पुढे हेच नाव सबंध डब्याला मिळाले. अवयवाच्या नावाने अवयवीचा बोध होणे याला आपले काव्यशास्त्र लक्षणा म्हणते. इथे ती साऱ्या देशाच्या बोलण्यात रुळली.

आता मूळ प्रश्न. रुळांवरची गाडी मार्गाच्या शेवटी पोचली की तिने परतायचे कसे? याची उत्तरे दोन प्रकारची आहेत. एक तर सबंध गाडी फिरवायची. त्यासाठी रुळांचे वर्तुळ घालावे लागते, नाहीतर फिरता पाट बसवावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोमधील पॉवेल रस्त्यावरच्या केबल कार आजही अशा फिरत्या पाटावर आणून माणसे हातांनी ढकलून फिरवतात. दुसरे उत्तर असे की गाडी आहे तशीच राहू द्यायची आणि तिची पुढची बाजू मागची मानायची. घोड्यांच्या ट्रामला हे सोपे होते. घोडे सोडायचे, दुसऱ्या बाजूला आणून जुंपायचे की काम झाले. ९ मे १८७४ रोजी मुंबईत कुलाबा ते पायधुणी या मार्गावर धावू लागलेली ट्राम अशीच घोड्यांची होती. विजेची ट्राम तेथे ७ मे १९०७ रोजी आली.

विजेच्या ट्रॉलीला घोडे नव्हते, म्हणून परतण्याचे काम माणसांवर आले. डब्याच्या दोन्ही टोकांना चालवण्याची सामग्री बसवलेली असे. पण तिचे दांडे मात्र एकाच संचाचे असत. शेवटच्या थांब्यावर मोटरमन कंट्रोलरचा दांडा, दिशा बदलण्याची किल्ली आणि ब्रेकचा दांडा काढून घेई आणि डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जाई. कंडक्टर खाली उतरे. छतावरचा दांडा नेहमी मागच्या बाजूला झुकलेला हवा, नाहीतर तो तारेत अडकून मोडण्याची भीती. म्हणून कंडक्टर त्याची दोरी हातात धरून डब्याला अर्धा वळसा घाली आणि दांडा पलीकडच्या बाजूने पुन्हा तारेला टेकवी. रात्रीच्या वेळी दांडा तारेपासून सुटला की डब्यातले दिवे विझत आणि तो टेकला की पुन्हा लागत. आसनांच्या पाठी पुढेमागे होणाऱ्या असत. त्या एकामागून एक खटाखट उलटवल्या की सगळी आसने नव्या दिशेला तोंड करीत. मग कुठे गावाच्या नावाची पाटी बदलायची, समोरचा दिवा लावायचा आणि घंटा वाजवायची. या सगळ्याला दोन-चार मिनिटे लागत असतील. प्रवाशाच्या दृष्टीने तो वेळ फुकट जाई. पण मार्गाचा शेवट त्या मिनिटांमुळेच शेवटासारखा वाटे. कंपनीच्या हिशेबात मात्र त्या मिनिटांची किंमत दोन माणसांच्या पगाराएवढी होती.

हा हिशेब पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अंगाशी येऊ लागला. कित्येक अमेरिकन शहरांत ट्रॉलीचे भाडे पाच सेंटांवर करारांनी गोठलेले होते. त्यातच १९१४ पासून 'जिटनी' नावाच्या खाजगी मोटारी तेवढ्याच भाड्यात उतारू पळवू लागल्या. स्टोन अँड वेबस्टर या कंपनीतील अभियंते चार्ल्स बर्नी यांनी यावर तोडगा काढला. सुमारे २८ फूट लांबीचा, दोनच आसांचा, हलका, दोन्ही टोकांना चालवता येणारा त्यांचा डबा एकट्या माणसाला सांभाळता येत असे. तिकिटे घेणे, दारे उघडणे, गाडी हाकणे, सारे मोटरमनच करी. त्याला भोवळ आली किंवा त्याचा हात दांड्यावरून सुटला तर वीज बंद होऊन ब्रेक आपोआप लागत. म्हणून या डब्याला 'सुरक्षा डबा' म्हणत. १९१५ पासूनच्या दीड दशकात असे सहा हजारांहून अधिक डबे बांधले गेले. सुरक्षा खरोखरच वाढली. मात्र शेवटच्या थांब्यावर दोरी धरून वळसा घालणारा कंडक्टर नाहीसा झाला आणि त्याचे काम मोटरमनच्या वाट्याला आले. दोनाचा एक झाला.

खेळण्यांच्या जगात या एकाचा शून्य झाला. तो कसा, हे समजण्यासाठी थोडे तंत्र पाहावे लागेल.

जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या लायनेल कंपनीने आरंभीच्या काही वर्षांतच विजेची खेळण्यातली ट्रॉली बाजारात आणली होती. १९०६ पासून लायनेलने तीन रुळांची पद्धत स्वीकारली. वीज मधल्या रुळातून येते आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जाते. खऱ्या ट्रॉलीतही वीज तारेतून येऊन दोन्ही रुळांवाटे परतते. रचनेचे तत्त्व एकच. तिचा लाभ असा की रुळ कसेही वळवून गाडी उलट तोंडाने आणली तरी शॉर्ट सर्किट होत नाही. पण तिच्यात एक अडचणही होती. या गाड्यांच्या मोटरी प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत आणि अशा मोटरला रुळांच्या जोडण्या उलट करून मागे नेता येत नाही. दिशा बदलायची तर मोटरच्या आतली जोडणी बदलायला हवी. कनेक्टिकटमधील आइव्ह्ज कंपनीने १९२४ मध्ये यावर उपाय काढला. वीज क्षणभर तोडून पुन्हा जोडली की गाडीच्या पोटातली एक छोटी फिरकी एक घर पुढे सरके: आधी पुढे, मग स्तब्ध, मग मागे, मग पुन्हा स्तब्ध. आइव्ह्ज १९२८ मध्ये दिवाळखोरीत निघाली तेव्हा लायनेल आणि अमेरिकन फ्लायर या प्रतिस्पर्ध्यांनी ती मिळून विकत घेतली आणि ही युक्ती लायनेलच्या हाती आली. तरीही वीज तोडण्या-जोडण्यासाठी खेळणाऱ्याचा हात लागतच होता.

तो हात १९५४-५५ मध्ये सुटला. १९५४ मध्ये लायनेलने क्रमांक ५० ची, रूळदुरुस्ती करणाऱ्या कामगारांची छोटी गाडी काढली. ती रुळांच्या शेवटच्या अडथळ्यावर आपटली की तिचा बम्पर आत सरके, त्याबरोबर मोटरच्या जोडणीतला संपर्क बदले आणि गाडी उलट दिशेला निघे. गंमत म्हणजे गाडीवरच्या कामगारांपैकी एक बाहुला त्या वेळी गर्रकन वळून नव्या दिशेला तोंड करी. पुढच्या वर्षी याच तत्त्वावर क्रमांक ६० ची ट्रॉली आली. बर्नींच्या डब्याची आठवण करून देणारा तिचा आखूड, पिवळा डबा होता आणि 'लायनेलव्हिल' या काल्पनिक गावाचे नाव तिच्यावर रंगवलेले होते. टोकाला आपटायचे आणि परतायचे, एवढेच तिचे आयुष्य. आता मोटरमनचेही काम उरले नव्हते.

त्या वर्षाकडे जरा थांबून पाहावे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमधील मुलांच्या हाती ही ट्रॉली आली, तेव्हा खऱ्या शहरातल्या ट्रॉली संपत आल्या होत्या. ब्रुकलिनमधील शेवटचे मार्ग ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी बंद झाले, आणि क्वीन्सबरो पुलावरची, सबंध न्यूयॉर्कमधील अखेरची ट्रॉली १९५७ मध्ये थांबली. लॉस एंजेलिसची रस्त्यावरची गाडी ३१ मार्च १९६३ रोजी बंद झाली. मुंबईची ट्राम त्यानंतर बरोबर एका वर्षाने, ३१ मार्च १९६४ रोजी, बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली. जुलै १९५५ मध्येच कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले आणि त्याच्या प्रवेशाजवळच्या जुन्या धर्तीच्या रस्त्यावर घोड्याची ट्राम फिरू लागली. एखादी वस्तू व्यवहारातून जाते आणि स्मरणरंजनात येते, ती वेळ एकच असते असे या तारखा सांगतात. मात्र स्मरणरंजन सगळेच परत आणीत नाही. खेळण्यात डबा आला, रंग आला, ये-जा आली. दोरी धरून अंधारात वळसा घालणारा माणूस काही आला नाही.

माणूस गेल्यावर गाडीलाच व्यक्तिमत्त्व मिळते, याचे एक गाजलेले उदाहरण १९६८ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर दिसले. पिट्सबर्गमध्ये तयार होणाऱ्या फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांच्या कार्यक्रमात एक छोटी लाल ट्रॉली घरातल्या रुळांवरून येई, घंटेच्या आवाजात रॉजर्स यांच्याशी 'बोले' आणि बोगद्यातून कल्पनेच्या प्रदेशात जाई. कार्यक्रम संपत आला की तीच ट्रॉली परत येई. तिला चालक नव्हता. ती स्वतःच पात्र होती. वास्तव आणि कल्पना यांच्यामध्ये फेऱ्या घालण्याचे काम तिच्याकडे सोपवलेले होते.

लघुरेल्वेचा विचार नाट्यरूपाने करण्याची परंपरा त्याआधीची आहे. न्यू ऑर्लिन्समधील फ्रँक एलिसन यांनी १९४४ मध्ये 'मॉडेल रेलरोडर'मधील लेखमालेत लघुरेल्वेची कला नाटकाच्या परिभाषेत समजावून सांगितली होती. मांडणी हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. गाडी नुसती गोल फिरू नये, तिला कुठून तरी कुठे तरी, काही कामासाठी जायचे असावे, हा त्यांचा आग्रह पुढच्या पिढ्यांच्या छांदिष्टांनी मानला. या दृष्टीने पाहिले तर आपोआप ये-जा करणारी ट्रॉली कथानकाच्या बाहेरची ठरते. ती मालवाहतुकीच्या नाट्यात भाग घेत नाही. गावात जीव आहे एवढेच ती सांगते. नाटकात मागच्या बाजूने पाणी घेऊन जाणाऱ्या मोलकरणीसारखी. पण अशा पात्राची एक चूक सगळा प्रवेश बिघडवू शकते, हे नाटक बसवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

ही चूक कोणती, ते प्रत्यक्ष मार्ग बसवताना कळते. लायनेलनंतर प्रौढ छांदिष्टांनी बहुतांशी दोन रुळांची, एकदिश प्रवाहाची पद्धत पत्करली. मधला तिसरा रूळ डोळ्यांना खुपतो. या पद्धतीत रुळांच्या धन-ऋण जोडण्या उलट केल्या की गाडी उलट धावते, म्हणून आपटण्याची गरज उरत नाही. प्रचलित युक्ती अशी: मार्गाच्या दोन्ही टोकांना एकेका रुळात बारीक खाच पाडून शेवटचा तुकडा विजेपासून तोडायचा आणि त्या खाचेवरून डायोड जोडायचा. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. ट्रॉली टोकाच्या तुकड्यात शिरते तेव्हाची वीज डायोड अडवतो आणि ती थांबते. ठरावीक वेळाने टाइमर सबंध मार्गाच्या जोडण्या उलटवतो. आता तोच डायोड वीज सोडतो आणि ट्रॉली परत निघते. तुकडा एवढा लांब हवा की थांबता थांबता गाडी त्याच्या बाहेर घसरू नये. टाइमरचा काळ एका फेरीच्या काळाहून अधिक हवा. तो कमी पडला तर ट्रॉली भर रस्त्यात, कोणत्याही थांब्याविना, दिशा पालटते आणि उभ्या गावाचा भ्रम एका क्षणात मोडतो.

असल्या यंत्रणांचा ध्यास किती दूर जाऊ शकतो, याची साक्ष मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांच्या रेल्वे क्लबने दिली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबात दोन तऱ्हेची मुले होती. काहींना टेबलावरचे डबे रंगवण्यात रस होता. उरलेल्यांचा जीव टेबलाखालच्या, टेलिफोन यंत्रणेतून आणलेल्या रिलेंच्या जाळ्यात गुंतलेला असे. या दुसऱ्या गटातली मुले पुढे संगणकाकडे वळली आणि 'हॅकर' हा शब्द आजच्या अर्थाने प्रथम त्यांच्यात रूढ झाला. क्लबच्या बोलीचा एक कोश पीटर सॅमसन यांनी १९५९ मध्ये तयार केला होता. माणसाचा हात न लागता गाडी योग्य वेळी योग्य जागी जावी, या खटपटीतून संगणक-संस्कृतीचा एक झरा निघाला, हे या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित वळण.

आता पुन्हा त्या टाइमरकडे. फेरीच्या काळाहून टाइमरचा काळ जितका अधिक, तितका वेळ ट्रॉली टोकाला उभी राहते. यंत्राच्या गरजेपुरते म्हणाल तर क्षणभर पुरे. लायनेलच्या ट्रॉलीला तेवढाही लागत नव्हता. ती आपटली की उलटी निघे. पण ती पाहताना काहीतरी खटकते. छंदोबद्ध ओळीत यती चुकला तर अक्षरे आणि मात्रा बरोबर असूनही कानाला जे जाणवते, त्याच जातीचे हे खटकणे आहे. ओळीला जसा यती, तसा मार्गाला शेवटच्या थांब्यावरचा विराम. टाइमरचा काळ वाढवून ट्रॉलीला अर्धे-पाऊण मिनिट उभी ठेवली की दृश्य एकदम खरे वाटू लागते. का? पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही. त्या अर्ध्या मिनिटात डब्यातून चालत जाणारा मोटरमन आहे, दोरी धरलेला कंडक्टर आहे, खटाखट उलटणाऱ्या आसनांच्या पाठी आहेत. ते दिसत नाहीत. त्यांना लागणारा वेळ तेवढा शिल्लक राहिला आहे. माणसांच्या श्रमाचे असे अवशेष इतिहासात वस्तूंपेक्षा कालखंडांच्या रूपाने अधिक उरतात, असे मला वाटते.

ज्यांना मूळ कृती पाहायची आहे त्यांच्यासाठी ती अजून पूर्ण लोपलेली नाही. एलिसन यांच्याच न्यू ऑर्लिन्समध्ये कॅनॉल रस्त्यावरची ट्रॉली १९६४ मध्ये, मुंबईच्या ट्रामच्याच वर्षी, बंद पडली आणि २००४ मध्ये परत आली. सेंट चार्ल्स मार्ग मात्र टिकून राहिला. तेथे १९२३-२४ मध्ये बांधलेले हिरवे डबे धावतात. क्लेबॉर्न रस्त्यावरच्या टोकाला डबा थांबतो. चालक आपला दांडा काढून घेतो आणि डब्यातून चालत, दोन्ही हातांनी लाकडी आसनांच्या पाठी उलटवत दुसऱ्या टोकाला जातो. एक दांडा खाली उतरतो, दुसरा तारेला टेकतो.

मांडणीत नवा ट्रॉलीमार्ग बसवणाऱ्याने टाइमर लावण्यापूर्वी ही कृती एकदा घड्याळ लावून पाहावी. सेकंदांचा तो आकडा त्याला कोणत्याही पुस्तिकेत मिळणार नाही.